परत न आलेल्यांची यादी

‘सरकारी दवाखान्यात बीपी तपासतात, शुगर तपासतात, मग मनाचे दुखणे का तपासत नाहीत?’ हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतूनही विचारला जाऊ लागला आहे. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, जरा आवाज उतरवून: ‘आणि तपासलेच, तर ते कॉम्प्युटरवर चढणार, मग गावभर झाले तर?’ या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी शोधता येत नाहीत, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या यंत्रात आहे त्याच यंत्रामुळे दुसरा प्रश्न निर्माण होतो. उदाहरणासाठी भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा लाखांदूर तालुका घेऊ. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या काठचा, धानाच्या बांध्यांचा, झाडीपट्टीतला हा तालुका. सरकारी आरोग्यसेवेची जी उतरंड सगळ्या महाराष्ट्रात आहे तीच इथेही आहे. फक्त तीन जिल्ह्यांच्या सीमा इथे येऊन भिडतात, आणि आपल्या विषयात ही सीमा पुढे बरीच महत्त्वाची ठरणार आहे.

१. तपासतात की!

पहिल्या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर ‘तपासतात की’ असेच आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि त्याचा उद्देशच मनाच्या आजारांचे उपचार मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर, साध्या दवाखान्यात आणणे हा होता. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात तसा प्रयोग करून पाहिल्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर, कलम १८ मध्ये, सरकारवर बंधनच घातले की ही सेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलेली असली पाहिजे. २०१८ पासून उपकेंद्रांची जी आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्यांच्या १२ सेवांच्या यादीत मानसिक आजार आणि व्यसने आहेत. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येक माणसासाठी जो फॉर्म भरतात त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, अशा प्रश्नांनंतर शेवटी दोन प्रश्न येतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटत होते का. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज ३ च्या वर गेली की त्या व्यक्तीला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे पाठवायचे.

दोनच प्रश्न, तेही बीपी-शुगरच्या फॉर्मला शेपटीसारखे जोडलेले, म्हणून हसण्याचे कारण नाही. जोडले आहेत हेच त्यांचे बळ आहे. खिन्नतेच्या आजाराने ग्रासलेला माणूस ‘मला खिन्नता आली’ म्हणून दवाखान्यात येत नाही. तो झोप लागत नाही, छातीत धडधडते, हातपाय गळतात, कंबर दुखते असे सांगत येतो. त्याची कंबर तपासली जाते, गोळ्या दिल्या जातात, आणि तो पुन्हा पुन्हा येत राहतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला मधुमेह आहे आणि खिन्नताही आहे तो गोळ्या वेळेवर घेत नाही, पथ्य पाळत नाही, आणि मग त्याची शुगर का उतरत नाही हे डॉक्टरांना कळत नाही. क्षयरोगात सहा महिन्यांचा औषधोपचार मध्येच सोडणाऱ्यांत दारू हे एक मोठे कारण असते. थोडक्यात, मनाचे आणि शरीराचे आजार एकाच माणसात, एकाच वेळी नांदतात. विभाग फक्त आपण पाडले आहेत. म्हणून एकाच ठिकाणी दोन्ही विचारणे हा खर्चातली काटकसर साधण्याचा मार्ग नव्हे, तो वैद्यकदृष्ट्याच योग्य मार्ग आहे.

मग अडते कुठे? माझे म्हणणे असे की विचारण्यात फारसे अडत नाही, विचारल्यानंतर अडते. आणि ते कुठे अडले हे आजच्या नोंदी सांगू शकत नाहीत.

२. एका उपकेंद्राचा हिशेब

साधे गणित करून पाहू. मैदानी भागात एक उपकेंद्र सुमारे ५,००० लोकसंख्येसाठी असते. त्यातले अंदाजे ३,५०० जण १८ वर्षांवरचे धरू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार प्रौढांपैकी सुमारे २.७ टक्के लोक त्या वेळी खिन्नतेच्या आजारात होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण अंदाजाला हा आकडा चालेल. म्हणजे आपल्या उपकेंद्रात ९५ माणसे. त्याच पाहणीत खिन्नतेच्या १०० रुग्णांमागे ८५ जणांना काहीच उपचार मिळत नव्हता. तेव्हा ९५ पैकी १४ जण कुठेतरी उपचार घेत असतील, ८१ जण नाही.

आता त्या दोन प्रश्नांची चाळणी सगळ्या ३,५०० प्रौढांना लावली असे समजा. कोणतीही चाळणी अचूक नसते. ही चाळणी १०० खऱ्या रुग्णांतले ८० पकडते आणि १०० निरोग्यांतल्या १० जणांवर चुकून बोट ठेवते असे मानू. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. मग ९५ पैकी ७६ रुग्ण सापडतील. पण उरलेल्या ३,४०५ निरोग्यांपैकी ३४० जणांवरही खूण पडेल. एकूण खुणा ४१६, त्यातले खरे रुग्ण ७६, साडेपाचांत एक. याचा अर्थ चाळणी टाकाऊ आहे असा नाही. याचा अर्थ एवढाच की चाळणी हे निदान नव्हे. दुसरी पायरी हवी: नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची मोठी प्रश्नावली, जी समुदाय आरोग्य अधिकारी निवांत बसून विचारू शकतो. तिच्यात १० किंवा त्याहून जास्त गुण झाले की सामान्यतः उपचाराचा विचार सुरू होतो, आणि नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल असल्यामुळे त्याचे उत्तर तर बेरजेची वाट न पाहता बघावे लागते.

खरी गळती इथून पुढे आहे. प्रत्येक पायरीवर निम्मी माणसे गळतात असे धरू, आणि हा अंदाज फार निराशेचा नाही. खऱ्या ७६ रुग्णांपैकी उपकेंद्रात जातील ३८. डॉक्टरांपर्यंत पोहोचतील १९. तीन महिने गोळ्या किंवा समुपदेशन चालू ठेवतील ९. महिन्याच्या अहवालात मात्र काय जाईल? ‘तपासलेले ३,५००, पुढे पाठवलेले ४१६.’ अहवाल उत्तम, आणि ९५ पैकी ८६ माणसे होती तिथेच. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे, म्हणून इथल्या वाचकाला हे चटकन उमगेल: माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा’ तलाव काठोकाठ भरला हे मोजून सिंचन झाले असे कुणी म्हणत नाही; पाटाच्या शेवटच्या बांधीत पाणी चढले का, हे बघावे लागते. आपल्या आरोग्य नोंदी आज तलाव मोजतात.

म्हणून आरोग्यातल्या माहिती तंत्रज्ञानाबद्दल बोलताना व्हिडिओवरून डॉक्टर दिसणे हा मला मुख्य मुद्दा वाटत नाही. २०१९ पासून ई-संजीवनीने ते साधले आहे. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी बोलू शकतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे आणि ती मराठीतही चालते. दोन्ही सेवा मोलाच्या आहेत. पण दोन्ही माणसाने स्वतः पाऊल उचलण्यावर किंवा फोन लावण्यावर अवलंबून आहेत, आणि ज्याची उमेदच आजाराने हिरावून घेतली आहे त्याच्याकडून नेमकी हीच अपेक्षा करणे चमत्कारिक आहे. पंधरा दिवसांनी तो परत आला नाही, हे ज्याच्या लक्षात येईल असे कुणीतरी हवे.

३. तीन माणसे आणि एक यादी

हे ‘कुणीतरी’ कसे घडवायचे याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतून आला. तिथल्या पाच राज्यांतल्या १८ दवाखान्यांत ६० वर्षांवरच्या १,८०१ खिन्नताग्रस्त रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. रचना साधी होती. नेहमीचा डॉक्टर औषध देतो. एक प्रशिक्षित समन्वयक, बहुधा परिचारिका, रुग्णाच्या संपर्कात राहते आणि दर वेळी तीच गुणांची प्रश्नावली विचारते. तिसरा मनोविकारतज्ज्ञ, पण तो सगळ्या रुग्णांना भेटत नाही, समन्वयकाबरोबर बसून यादी पाहतो. कुणाचे गुण उतरत नाहीत, कोण आले नाही, कुणाचे औषध बदलायला हवे, एवढेच. वर्षाअखेर या गटातल्या ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती; नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होते. औषधे दोन्हीकडे तीच उपलब्ध होती.

यादीचे महत्त्व तज्ज्ञांच्या तुटवड्यात आणखी वाढते. भारतात लाख लोकसंख्येमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ येतो, असा २०१९ चा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती. म्हणजे सरासरीने नऊ तज्ज्ञ वाट्याला यायला हवेत. पण सरासरी नागपुरात आणि पुण्यात राहते, लाखांदूरला तिचा उपयोग नाही. एक तज्ज्ञ तासाला चार रुग्ण नीट तपासू शकतो असे धरले, तर त्याच तासात तो यादीतल्या बारा-पंधरा अडलेल्या रुग्णांबद्दल समन्वयकाला सल्ला देऊ शकेल, आणि जे सुधारत आहेत त्यांच्यावर त्याचा वेळ खर्चच होणार नाही. तज्ज्ञ वाढवायला दशके लागतात. त्याचा तास असा वापरायला यादी लागते.

अमेरिकेतले इथे चालेल का, ही शंका योग्य आहे. तिचे उत्तर आपल्या शेजारूनच मिळते. गोव्यात ‘संगत’ संस्था आणि विक्रम पटेल यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या ‘मानस’ प्रयोगात (वर उल्लेखलेल्या हेल्पलाइनशी त्याचा संबंध नाही) मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण ६५.९ टक्के होते. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. विदर्भातही पुरावा आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. खिन्नतेच्या ज्या रुग्णांनी कुठलाही उपचार घेतला त्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. दारूचा प्रश्नही याच वाटेने थोडा हलतो: गोव्यातल्याच दुसऱ्या प्रयोगात अशाच समुपदेशकांच्या मोजक्या बैठकींनंतर अपायकारक पिणे थांबवलेल्या पुरुषांचे प्रमाण ३६ टक्के आढळले, एरवी २६. फरक थोडा आहे. दारूच्या बाबतीत तोही सहज मिळत नाही.

इथे चोखंदळ वाचक मला पकडेल. गोव्यात आणि विदर्भात काम माणसांनी केले. मग कॉम्प्युटरचे कौतुक कशाला? खरे आहे. माणसाविना नुसते ॲप देऊन मन बरे होते असा दावा मी करणार नाही. पण माणसाच्या हाती यादी दिल्यावर काय घडते याचेही पुरावे आहेत. आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या ३० आदिवासी खेड्यांत आशा कार्यकर्तींना टॅब दिले. त्यावर त्या प्रश्नावली भरत, तीच माहिती प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांच्या टॅबवर पोहोचे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेवर आधारलेले सॉफ्टवेअर डॉक्टरांना पुढची पायरी सुचवत असे. डॉक्टरांनी नोंद केल्यावर आशाच्या पडद्यावर रंगांनी खुणावलेली यादी येई: कुणाकडे आधी जायचे, कुणाकडे नंतर. मानसिक आजाराची लक्षणे असलेल्यांतले उपचार घेणारे ०.८ टक्क्यांवरून १२.६ टक्क्यांवर गेले. भारतातल्या चार शहरी मधुमेह दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेला प्रयोग (२०२०) तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. खिन्नता आणि मधुमेह दोन्ही असलेले रुग्ण, एक समन्वयक, आणि दोन्ही आजारांचे आकडे एकाच पडद्यावर दाखवणारी नोंदप्रणाली. दोन वर्षांनी खिन्नता निम्म्याने उतरली आणि सोबत शुगर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक गोष्ट ठरलेल्या प्रमाणात उतरली, असे रुग्ण ७१.६ टक्के निघाले. नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के.

माणूस की यंत्र, हा वादच मग चुकीच्या जागी उभा आहे. प्रकल्प चालू असतो तोवर चांगला समन्वयक सगळी यादी तोंडपाठ ठेवू शकतो. तो सोडून गेला, त्याची बदली झाली, अनुदान संपले, की यादीही जाते. सरकारी यंत्रणेत टिकायचे तर ती माणसाच्या डोक्याबाहेर असावी लागते.

४. वडसा जवळ, भंडारा दूर

आता सीमेकडे येऊ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाप्रमाणे जिल्ह्याला बांधलेला आहे. त्याचे पथक, त्याची ओपीडी, त्याचे आकडे जिल्ह्याचे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने आणलेला ‘प्रेरणा’ प्रकल्पही १४ जिल्ह्यांचा होता: मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. भंडारा त्यात नव्हता. प्रशासनाला जिल्हा लागतो हे मान्य. पण लाखांदूरचा रुग्ण जिल्ह्याने चालत नाही, रस्त्याने चालतो. त्याला वडसा जवळ आहे, आणि ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, ते चंद्रपूर जिल्ह्यात. पूर्वेला अर्जुनी मोरगाव, जे १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात होते आणि आता गोंदियात आहे. जिल्ह्याचे ठिकाण भंडारा मात्र दुसऱ्या टोकाला. मनाच्या आजारात तर दूर जाण्याचे आणखी एक कारण असते: ओळखीचे कुणी भेटू नये.

दारूच्या बाबतीत ही सीमा आणखी विचित्र होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ या काळात होती, भंडाऱ्यात नाही. कायदा नदीपाशी थांबतो, पिणारा थांबत नाही. उपचार भंडाऱ्यात सुरू झाले, माणूस कामासाठी पलीकडे गेला, तिथे पुन्हा प्यायला लागला आणि तिथल्याच दवाखान्यात दाखल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना आधीचे काही कळायचा मार्ग म्हणजे खिशातला चुरगळलेला कागद. सापडला तर.

हा प्रश्न अशक्य कोटीतला नाही, कारण दुसऱ्या एका आजारात तो आपण बराचसा सोडवला आहे. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची ‘निक्षय’ या पोर्टलवर २०१२ पासून नोंद होते. त्याला स्वतःचा क्रमांक असतो; तो लाखांदूरहून नागपूरला मजुरीला गेला तर त्याची नोंद तिथल्या केंद्राकडे सोपवता येते, आणि गोळ्या चुकल्या तर कुणीतरी विचारायला जाते. मनाच्या आजारासाठी कर्नाटकाने ‘ई-मनस’ नावाची राज्यव्यापी नोंदप्रणाली उभी केली आहे. आणि देशभर जे आभा खाते काढले जात आहे, १४ आकडी क्रमांकाचे, त्याचा मूळ हेतूच हा आहे की रुग्णाच्या संमतीने एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला दिसावी. लाखांदूर आणि वडसा यांच्यामधली सीमा पुसायला जिल्ह्यांची फेररचना नको, एवढी जोडणी पुरे.

‘पुरे’ म्हटले खरे, पण जोडणी आपोआप होत नाही, आणि यातही अमेरिकेचा अनुभव ध्यानात घेण्यासारखा आहे. तिथे २००९ च्या कायद्याने कागदी नोंदी कॉम्प्युटरवर आणण्यासाठी डॉक्टरांना आणि रुग्णालयांना भरघोस पैसा दिला. पण मनोरुग्णालये, सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रे आणि मानसशास्त्रज्ञ यांना त्या मदतीतून वगळले. परिणाम अपेक्षित तोच. पुढे वर्षानुवर्षे शरीराच्या नोंदी संगणकावर आणि मनाच्या नोंदी फायलींत राहिल्या, आणि ज्या दोघांनी एकमेकांशी बोलायला हवे होते ते बोलू शकेनात. आपल्याकडे जोडणीचे काम आत्ता चालू असताना मानसिक आरोग्य ‘पुढच्या टप्प्यात’ टाकले, तर हाच खड्डा आपणही खणू.

५. गावभर होण्याची भीती

दुसऱ्या प्रश्नाला बगल देण्याची तंत्रज्ञांना सवय आहे. ‘माहिती सुरक्षित आहे’ असे म्हणून ते मोकळे होतात. गावातल्या माणसाला सायबर चोराची भीती नसते. त्याला शेजाऱ्याची असते. लग्न जमवताना कुणाच्या मामेभावाच्या कानावर गेले तर, ही भीती. आणि आशाताई त्याच गावच्या असतात. त्या विश्वासाच्या असतात म्हणून दार उघडले जाते, आणि त्या गावच्याच असतात म्हणून मनाच्या प्रश्नांची उत्तरे खरी दिली जात नाहीत.

कायदा इथे बराच स्पष्ट आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ ने मानसिक आजाराच्या माहितीबद्दल गुप्ततेचा हक्क दिला, आणि कलम २४ ने तोच हक्क संगणकात साठवलेल्या माहितीलाही लागू केला. कलम २५ प्रमाणे रुग्णाला स्वतःची नोंद पाहता येते. उपचार करणाऱ्या दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला उपचारापुरती माहिती देण्याची मुभा याच कायद्यात आहे. म्हणजे गुप्तता आणि एकत्र उपचार यांचे भांडण कायद्याने लावलेले नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलची जुनी धास्तीही कलम ११५ ने कमी केली: असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे, शिक्षा करायची नाही. नववा प्रश्न विचारणाऱ्याला हे माहीत हवे आणि त्याने ते सांगायलाही हवे, कारण ‘पोलिसात जाईल’ या भीतीने गप्प बसणारी घरे आजही आहेत.

कायद्याचे यंत्रात रूपांतर कसे करायचे? माझ्या मते उत्तर पायऱ्यांत आहे. आशाताईंच्या मोबाइलवर दिसावे एवढेच: अमुक व्यक्तीला अमुक तारखेपर्यंत उपकेंद्रात येण्याची आठवण द्या. बीपीची असो, शुगरची असो की मनाची, आठवण एकाच साच्यातली, कारण न सांगणारी. गुण आणि प्रश्नावलीची उत्तरे समुदाय आरोग्य अधिकारी आणि डॉक्टर यांच्यापुरती. समुपदेशनात काय बोलणे झाले ते फक्त समुपदेशकापाशी. आणि नोंद कुणी, केव्हा उघडून पाहिली याची आपोआप खूण राहावी, जी रुग्णाने मागितली तर त्याला दाखवता येईल. यातले काहीही तंत्रदृष्ट्या अवघड नाही. कागदी रजिस्टरशी तुलना करा: टेबलावर उघडे पडलेले रजिस्टर कोण चाळून गेले हे कधीच कळत नाही. तरीही एक अडचण उरते, ती कबूल करायला हवी. गोळीचे नाव गुपित राहत नाही. औषधांची यादी डॉक्टरांना पूर्ण दिसलीच पाहिजे, नाहीतर दोन औषधांची टक्कर होईल. आणि यादी दिसली की आजार दिसला. तेव्हा संमती घेताना ‘तुमची सर्व माहिती दाखवू का’ असा घाऊक प्रश्न न विचारता, कुणाला, कशासाठी, किती दिवस, हे सोप्या मराठीत सांगायला हवे. आभाच्या संमतीत मुदत घालण्याची आणि ती मागे घेण्याची सोय आहे. ती सोय वापरायची असते हे रुग्णाला सांगणारा माणूस मात्र पडद्यात नसतो.

६. ‘आणखी एक ॲप?’

सर्वांत जोरदार आक्षेप खुद्द काम करणाऱ्यांचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. गरोदर मातांचे एक पोर्टल, लसीकरणाचे दुसरे, असंसर्गजन्य आजारांचे तिसरे, क्षयरोगाचे चौथे. एकाच माणसाचे नाव, वय, मोबाइल नंबर पुन्हा पुन्हा भरायचा, वर कागदी रजिस्टरही ठेवायचे. रेंज गेली की सगळे रात्री घरी बसून. त्यात मनाचे पाचवे? असे पाचवे ॲप आले तर ते हाणून पाडणे योग्यच ठरेल. इथे ज्या यादीबद्दल आपण बोलतो आहोत तिला नवे ॲप लागत नाही. बीपी-शुगरच्या पाठपुराव्याची जी यादी आहे तिच्यातच मनाचे गुण हा आणखी एक आकडा व्हावा, आणि ती इंटरनेटशिवाय चालून रेंज आली की जुळावी. मिसळणे याचा अर्थ तोच. शेजारी आणखी एक खिडकी उघडणे म्हणजे मिसळणे नव्हे.

वेळेचा हिशेबही मांडू. आपल्या उपकेंद्रात एका वेळी ४० जण उपचारात आहेत असे धरा. प्रत्येकाशी पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे बोलायचे: महिन्याला ८०० मिनिटे, म्हणजे तेरा-साडेतेरा तास. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या महिन्यातले दोन दिवसांहून कमी. हा वेळ आकाशातून पडणार नाही, आणि ‘आहे त्यातच करा’ म्हणणे ही फसवणूक आहे. तो तीच माहिती दोनदा भरणे थांबवून काढावा लागेल, आणि कामाच्या यादीत हे काम लिहून त्याचा मोबदला द्यावा लागेल. ३० वर्षांखालच्यांसाठी तर फॉर्मच नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, सर्वाधिक २२,७४६ महाराष्ट्रात, आणि देशभरच्या या आकड्यात १८ ते ३० हा वयोगट मोठा आहे. त्यांना चाळणीत घ्यायचे तर काम आणखी वाढेल. ते वाढेल हे आधीच सांगून वाढवावे.

शेवटी राहतो अहवाल. मासिक तक्त्यात ‘किती तपासले’ याच्या शेजारी दोनच रकाने वाढवावेत: पुढे पाठवलेल्यांपैकी किती पोहोचले, आणि उपचार सुरू झालेल्यांपैकी तीन महिन्यांनी कितींचे गुण निम्म्यावर आले. आपल्या उदाहरणातल्या उपकेंद्राला दुसऱ्या रकान्यात जेमतेम एकआकडी संख्या लिहावी लागेल. पहिल्या वर्षी हे आकडे सगळीकडे वाईटच दिसतील. तालुक्याच्या आढावा बैठकीत ते वाईट दिसले म्हणून कुणाला कारणे दाखवा नोटीस गेली, तर दुसऱ्या वर्षापासून ते छान दिसू लागतील, आणि परत न आलेली माणसे कुठे आहेत हे पुन्हा कुणालाच कळणार नाही.